एका स्क्रीनचे पाच कारभारी

कॉम्प्युटरच्या एका स्क्रीनवर विंडो लावून देणारी पाच ॲप एकाच वेळी बसवा, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. हे मी स्वतःच्या बुद्धीने केलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे स्वतःच्या बुद्धीने काही करण्याची परंपरा आमच्याकडे माझ्यापासूनच सुरू होते, आणि आजवर तिच्यात पडलेली बरीचशी भर ही अशी आहे.

झालं असं की बाबा पडले. दहिसरच्या आमच्या घरात, बाथरूमच्या उंबऱ्याशी. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि वॉकर घेतल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद देऊन डॉक्टरांनी घरी सोडलं. बाबांनी ताकीद नीट ऐकून घेतली आणि घरी आल्यावर वॉकरवर टॉवेल वाळत घातला. जन्मभर गिरणीत उभ्याने काम केलेला माणूस. "ह्यां म्हाताऱ्या माणसांका असता," असं त्यांचं मत. त्यांचं स्वतःचं वय त्यांनी ह्या वाक्यात धरलेलं नव्हतं.

नवरा अंधेरीला नोकरीला, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. म्हणून दिवसा सोबतीला एक बाई ठेवून पाहिल्या. बाबांनी दुसऱ्याच दिवशी दुपारी "तुमका तुमच्या घराक कामां असतीत" असं मानाने सांगून त्यांना वाटेला लावलं. संध्याकाळी मी मालाडच्या ऑफिसातून आले, तर बाबा स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभे, वॉकर हॉलमध्ये, आणि दोघांच्या मध्ये सांडलेलं पाणी. एवढंच म्हणाले, "चाय करून ठेवत होतंय तुका." मी त्यांना धरून कॉटवर आणलं आणि ठरवलं की आता घरी कोणीतरी थांबायला हवं. घरात उरलेलं कोणीतरी म्हणजे मीच होते.

माझं काम बिलं जुळवण्याचं आहे. दुकानांनी काय मागवलं त्याची ऑर्डर, काय पोचलं त्याची पावती आणि व्यापाऱ्याने लावलेलं बिल, हे तिन्ही कागद स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडायचे, डोळा तिन्हींवरून फिरवायचा, जुळलं की चौथ्या विंडोत नोंद करायची. ऑफिसात प्रत्येकाला दोन दोन स्क्रीन आहेत, त्यामुळे हे काम डोळे मिटून होतं, असं आम्ही चहाला बसलं की म्हणतो.

आमचे सर माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि ते दोघांनाही थोडं जड जातं. मी घरून काम मागितल्यावर ते म्हणाले, "महिनाभर करा मॅडम. पण महिना संपला की मी एकदा तुमचं काम स्क्रीन शेअर करून बघणार. ऑफिससारखा वेग असेल तर काका बरे होईपर्यंत घरूनच करा. नसेल तर मात्र मालाडला यावं लागेल. मला पण वर उत्तर द्यायचं असतं ना."

बोलणं रास्त होतं. वेग राहिला तर बाबांजवळ, नाहीतर बाबा आणि ओटा.

घरी आमचा जुना कॉम्प्युटर. नवऱ्याने त्याच्यासाठी ओळखीतून एक रुंद स्क्रीन आणली, एवढी रुंद की शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवली तर दोन्ही बाजूंनी बाहेर यायची. एवढ्या जागेत चार विंडो आरामात मांडून बसतील अशी माझी समजूत. त्या लग्नाच्या हॉलमधल्या पहिल्या पंगतीसारख्या बसल्या: जो तो दुसऱ्याच्या अंगावर, आणि ज्याचं काम नाही तो सर्वात पुढे. बिल उघडलं की ऑर्डर झाकली जायची. ऑर्डर ओढून वर काढली की पावती गायब. एकदा मी बराच वेळ साबणाच्या ऑर्डरशी झाडूचं बिल जुळवत बसले होते आणि व्यापाऱ्याला मनातल्या मनात चोर म्हणत होते.

बाबांची कॉट स्क्रीनच्या बरोबर समोर. टीव्हीपेक्षा त्यांना हे आवडू लागलं.

"काय शोधतंस गो?"

"बिल."

"मगाशी हयसरच होतां."

"मगाशी होतं, बाबा."

अशा विंडो शिस्तीत लावून देणारी ॲप मिळतात, हे मला एका रविवारी कळलं. एक बटण दाबलं की विंडो डाव्या अर्ध्यात, दुसरं दाबलं की उजव्या कोपऱ्यात. आणि अशी ॲप दोन-चार नाहीत, ढीगभर. प्रत्येकाच्या पानावर लिहिलेलं की हेच सर्वात चांगलं.

शहाण्या बाईने ऑफिसात कोणाला तरी विचारलं असतं. मी विचारत नाही. त्याचं मूळ कॉलेजात आहे. कुठल्या विषयाला कुठलं गाईड चांगलं, हे आमच्या घरात सांगणारं कोणी नव्हतं. आई अंगठा लावायची, बाबांची चौथी झालेली. वर्गातल्या मुलींना विचारावं, तर त्यांना कळलं असतं की हिच्या घरी सांगणारं कोणी नाही. म्हणून मी एकेका विषयाची मिळतील तेवढी सगळी गाईडं गोळा करायचे, वरच्या वर्गातल्या मुलींची, रद्दीवाल्याकडची, पानं गळलेली, आणि सगळी वाचायचे. एकाच प्रश्नाची चार उत्तरं तोंडपाठ. पेपरात त्यातलं कुठलं लिहायचं ह्या विचारात वेळ जायचा आणि शेवटचा प्रश्न राहायचा. सेकंड क्लास मिळाला. तो फर्स्ट का नाही ह्याची कारणं मी अजूनही पेपर तपासणाऱ्यांत शोधते. पण बी.कॉम. झाले ती झालेच, आणि ते दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला सांगते. पद्धतही सोडली नाही.

तर मी पाच ॲप निवडली आणि पाचही बसवली. म्हटलं, चाचणी सगळ्यांची एकत्र व्हायला हवी, म्हणजे कोणावर अन्याय नको. त्यांची खरी नावं इंग्रजी आणि एकसारखी होती, माझ्या लक्षात राहीनात, म्हणून मी त्यांना आपली नावं दिली. एक होता चौकटवाला. तो स्क्रीनवर चौकटी आखून देई, आपण विंडो आपल्याला हव्या त्या चौकटीत बटणाने सोडायची. एक नटवी, तिच्या विंडो झुळझुळत जागेवर जात. छान दिसे, पण प्रत्येक वेळी पदर सावरेपर्यंत थांबावं लागे. एक फुकट्या, पैसे घेत नव्हता पण दर थोड्या वेळाने घ्याल का घ्याल का असं विचारत राही. एक मास्तर. त्याला बटणं चालत नसत, त्याला सगळं आपण आधी एका फाइलमध्ये लिहून द्यायचं, त्याच्या भाषेत. मी अख्खी संध्याकाळ बसून लिहून दिलं, त्याने त्यातली एकही ओळ मान्य केली नाही. असे मास्तर मी पाहिलेले होते, त्यामुळे राग नाही आला.

पाचवी सासूबाई. तिला काही सांगावं लागत नसे. नवी विंडो उघडली की ती आधीच्या सगळ्यांना थोडं थोडं सरकवून नवीला जागा करून द्यायची, आणि कोण कुठे बसणार हे तीच ठरवायची. आपण एखादी ओढून हलवली तर ती पुन्हा होती तिथे.

आता ही पाचही एकाच वेळी चालू. त्यातल्या तिघांनी बऱ्याचशा त्याच त्याच बटणांवर हक्क सांगितलेला. मी बिल डावीकडे पाठवायला बटण दाबलं, तर बिल डावीकडे निघालं, अर्ध्या वाटेत कोणीतरी त्याला वर ओढलं, नटवीने त्याची झुळझुळ सुरू केली, सासूबाईने ते परत आणून बसवलं, आणि ह्या सगळ्यावर फुकट्याची पाटी आली, की तुम्हाला आमचं काम आवडलं का.

ऑफिसातली माझी मैत्रीण, शेजारच्या टेबलावर बसणारी, दुपारी फोन करायची. तिला सांगितलं.

"मग कुठलं घेतलंस शेवटी?"

"अजून घेतलं नाही. पाचही लावलीत. तुलना चाललीय."

"पाचही? एकदम?"

"एकेक लावून बघितलं तर पहिल्याचं विसरायला होतं ना."

"अगं येडी आहेस का? स्थळं बघायला गेलीस आणि पाचही नवरे घरी आणून ठेवलेस?"

"मी त्यांना गुण देतेय. शंभरपैकी."

"तू दे गुण. इकडे सर तुझा आकडा रोज बघतायत. तुझी वाट लागणारे बघ."

तिचं बरोबर होतं, वेग रोज घसरत होता. पण चाचणी मधेच सोडणं मला जमेना. अभ्यास अर्धवट टाकलेल्या माणसाचं काय होतं हे मी आमच्या चाळीत भरपूर पाहिलंय, असं मी मैत्रिणीला ऐकवलं. ती म्हणाली, "हां, हां, ठेव आता, बिलं जुळव," आणि फोन ठेवला.

बाबांनी मात्र आपला निकाल पहिल्याच दिवशी लावला होता. त्यांना सासूबाई आवडली.

"ती बरी. आपसूक करता. बाकीचे सांगल्याबिगर हलनत नाय."

"बाबा, ती माझं ऐकत नाही."

"तुझां आयकान काय व्हतला?"

मी सासूबाईचे पाच गुण कापले. पुढे एका दुपारी काम बरंचसं आटोपल्यावर मी त्यांना गावचे फोटो दाखवत होते. एक उघडला, दुसरा उघडला, आणि सासूबाईने ते स्क्रीनभर शेजारी शेजारी लावून टाकले: घर, आंब्याचं झाड, चुलत बहिणीचं लग्न, देवळाची घाटी, सगळं एकदम. बाबा कॉटवरून हलले नाहीत. चहा होईपर्यंत नाहीत, चहा झाल्यावरही नाहीत. त्यानंतर रोज दुपारी फोटो. तेवढा वेळ मी निर्धास्तपणे बिलांची राहिलेली नोंद फोनवर मैत्रिणीशी ताडून बघायचे, कारण मागे पावलांचा आवाज यायचा नाही.

महिना संपत आला तेव्हा माझा निकाल लागला. चौकटवाला पहिला आला. मास्तर, नटवी आणि फुकट्या मी काढून टाकले. सासूबाईला मात्र ठेवलं, बाबांच्या दुपारसाठी. कामाच्या वेळेला बंद, दुपारी चालू. बेत चोख होता. चौकटवाल्याची बटणं मी पाढ्यांसारखी पाठ केली, भाजी चिरताना म्हणायचे. दोन दिवसांत हात बसला आणि वेग चढायलाही लागला.

सरांनी बघायचं ठरवलं त्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर आपल्या मनाने बंद होऊन पुन्हा चालू झाला, त्याला काहीतरी नवीन घालून घ्यायचं होतं. मी त्याला म्हटलं, घे रे, आजचा दिवस ताजा राहा. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला की सासूबाईही आपोआप चालू होते, ही नोंद माझ्या गुणपत्रकात नव्हती.

सरांचा कॉल आला. मी केस नीट करून बसले होते. स्क्रीन शेअर केली, आणि सासूबाईने पाहिलं की घरात एक नवीन विंडो आलीय, म्हणजे सर. तिने त्यांना मानाने अर्धी स्क्रीन दिली. उरलेल्या अर्ध्यात ऑर्डर, पावती, बिल आणि नोंद, चौघं उभ्या पट्ट्या होऊन चिकटून उभे राहिले, एकेका पट्टीत दोन अक्षरं मावतील एवढे.

सर वाकून बघू लागले. माझ्या स्क्रीनवर त्यांचाच चेहरा, दारावरच्या तोरणाएवढा रुंद.

"मॅडम, मी एवढा मोठा का दिसतोय?"

"नेटवर्क असेल, सर."

"नेटवर्कने माणूस मोठा होत नाही, मॅडम."

मी चौकटवाल्याचं बटण दाबलं. बिल डावीकडे गेलं. परत आलं. मी परत पाठवलं. ते परत आलं. मी जोरात दाबलं, जणू जोराने काही फरक पडणार होता. गडबडीत मी आणखी एक बिल उघडलं, सासूबाईने सगळ्यांना आणखी बारीक केलं, आणि सर आणखी रुंद झाले. सासूबाईला बंद करायची खूण स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारी असते हे मला माहीत होतं. पण घड्याळाकडे माऊस नेताना मधे सरांचं कपाळ यायचं आणि माझा हात अडखळायचा.

"थांब, थांब, मी येतंय," मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर बाबा उभे. एक हात कॉटच्या कडेवर, दुसरा हवेत, आणि वॉकर खिडकीशी. मी हेडफोन ओढला तो वायरीसकट निघाला, सरांचा आवाज खोलीभर झाला, आणि मी धावले. कॅमेऱ्याचा माइक चालू होता.

"बाबा, खाली बसा. वॉकर कुठाय तुमचा?"

"दोन पावलां तर आसत."

"मागच्या वेळी पण दोनच पावलं होती. कुठे जायचंय तुम्हाला?"

"ती आपसूक करणारी बंद करूची आसा मां. माका म्हायत आसा खंय ती."

मी त्यांच्या काखेत हात घातला. त्यांचं वजन माझ्या खांद्यावर आलं तेव्हा कळलं की पाय अजून त्यांना धरत नव्हता. कॉट मागे राहिली होती, जवळ होती ती माझीच खुर्ची. तिच्यावर त्यांना बसवलं. आता बाबा स्क्रीनच्या समोर आणि त्यांच्यासमोर अर्ध्या स्क्रीनचे सर.

"नमस्कार सायबानू," बाबा म्हणाले. "ह्यां माझ्यासाठी ठेवल्यान तिना. फोटो बघूक. तिचो काय दोष नाय."

"नमस्कार, काका. तुम्ही बसा. उठू नका."

"मी बसलंय. तीच उभी आसा."

मी खरोखर उभी होते. उभ्यानेच बाबांच्या खांद्यावरून हात घालून सासूबाई बंद केली, मग चौकटवालाही बंद केला. तो काही वाईट नव्हता, पण त्या क्षणी कोणाचाच कारभार नको होता. मग माऊसने एकेक विंडो कडेला धरून ओढली, लहान केली, मोठी केली. ऑर्डर डावीकडे, पावती मध्ये, बिल उजवीकडे, नोंद खाली, सर वरच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, त्यांना आयुष्यात प्रथमच कोणीतरी साहेब "उठू नका" म्हणाला होता. मी स्टूल ओढून बाबांच्या शेजारी बसले आणि सुरुवात केली.

एकदा हाताने मांडल्यावर विंडो हलल्या नाहीत. एक बिल संपलं की दुसरं त्याच जागी यायचं. डोळा डावीकडून उजवीकडे, मग खाली नोंद. बटण विसरायची भीती नव्हती, कारण बटणच नव्हतं. एका बिलात मीठ मागवल्यापेक्षा जास्त लावलेलं होतं, ते लाल केलं आणि पुढे गेले. बाबांनी एकदाच तोंड उघडलं, "मीठ कित्या एवढां मागवतत?" मी म्हटलं, "श्श." ते माइकमध्ये गेलं.

सर शेवटी म्हणाले, "बास, मॅडम. थांबा."

ते काहीतरी बघत होते. मी घाम पुसला.

"आज वेग ऑफिसपेक्षा थोडा कमी आहे."

"हो सर." खोटं कशाला बोलू, मलाही ते जाणवत होतं.

"पण ह्या महिन्यातला हा सर्वात चांगला आहे. मधले दोन आठवडे तुमचं काय चाललं होतं? मला वाटलं, काका जास्त आजारी आहेत. म्हणून मी काही बोललो नाही."

ह्याच्या आड लपता आलं असतं. शेजारी बाबा बसले होते, म्हणून जमलं नाही.

"तुलना करत होते, सर."

"कसली?"

"विंडो लावायच्या ॲपची. पाच बसवली होती."

"पाच?"

"अभ्यास केल्याशिवाय मी काही घेत नाही."

"बी.कॉम. आसा ती," बाबांनी पुरवणी जोडली.

सर हसले नाहीत, हे मी त्यांच्या खात्यावर कायमचं जमा करून ठेवलंय. म्हणाले, "मला विचारायचं ना, मॅडम."

"तुम्ही काय सांगितलं असतं?"

त्यांनी विचार केला. प्रामाणिक मुलगा आहे. "मी काही वापरतच नाही. सगळं एकावर एक उघडं असतं, आणि मग दिवसभर शोधत बसतो." थोडं थांबून ते पुन्हा साहेब झाले. "काकांना एकटं ठेवण्यासारखं नाही, ते मी बघितलं. पण तेवढ्यावर मी वर लिहू शकत नाही. वाढलेल्या वेगावर लिहितो. वॉकर सुटेपर्यंत घरून करा. दर शुक्रवारी आकडा मला पाठवायचा, आणि तो खाली आला तर मी पुन्हा कॉल लावणार. चालेल?"

"चालेल, सर."

"आणि ॲप एकच ठेवा. कुठलं, ते तुम्ही ठरवा."

कॉल संपला. सरांचं तिकीट कोपऱ्यातून गेलं आणि तिथे नुसती रिकामी जागा राहिली. मला एकदम थकवा आला. बाबा अजून माझ्याच खुर्चीत होते, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे.

"काय म्हणता तुझो सायब?"

"ऐकलंत की तुम्ही."

"तो मराठी भरभर बोलता. तू सांग."

"घरी राहा म्हणाले. तुमचा वॉकर सुटेपर्यंत."

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग खिडकीशी उभ्या असलेल्या वॉकरकडे.

"मगे काय घाई नाय," ते म्हणाले.

मी त्यांना तिथेच बसू दिलं, स्टूल थोडं पुढे सरकवलं आणि पुढचं बिल उघडलं.